माझ्या एक परिचित

२ जानेवारी

सत्तावीस वर्षांपूर्वी ताई मला म्हणाली होती, तुला सांगितलं की हलकं वाटतं.

सुट्टीची दुपार होती. तेव्हा आम्हा दोघींची एकच खोली. ती चोवीसची, मी एकोणीसची. तिच्या ऑफिसमधला एकजण तिच्याशी लग्न करणार होता आणि मग करणार नव्हता. तिने ते सगळं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. मी ऐकलं. शेवटी ती हे म्हणाली.

आज पुस्तकाची प्रस्तावना याच वाक्याने सुरू केली. लिहिणाऱ्या बाईला याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं?

पुस्तक म्हणजे माझ्या रविवारच्या सदरातले निवडक चाळीस लेख. फोन, लिफ्ट, एकट्याने जेवणं, पासवर्ड, शेजार. थोडक्यात, आजचं जगणं. अकरा वर्षं लिहितेय. मार्चमध्ये छपाईला जाणार.

संकल्प. एक, रोज हजार शब्द. दोन, रोज अर्धा तास चालणे. तीन, ताईला दर आठवड्याला फोन, कामाशिवाय. चार, ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी. यातलं काहीही छापायचं नाही.

४ जानेवारी

चालले नाही. चालण्यावरचा लेख मात्र झाला. साडेनऊशे शब्द.

९ जानेवारी

प्रकाशकांकडून एक फॉर्म आला. संमतीपत्र. 'मी खाली सही करणार, या पुस्तकात माझ्याविषयी आलेल्या मजकुराला माझी हरकत नाही.' कोणा लेखकाच्या चुलत सासऱ्यांनी नोटीस धाडल्यापासून हे सुरू केलंय म्हणे.

मी म्हटलं, मी कोणाचं नावच घेत नाही. माझ्या लेखांत फक्त 'माझ्या एक परिचित' असतात. प्रकाशक म्हणाले, मग तर प्रश्नच मिटला. मुद्रितशोधक एकदा नजर घालतील.

मुद्रितशोधक म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. ऱ्हस्व-दीर्घ बघतील, झालं.

१६ जानेवारी, सकाळी ११

मास्तरांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिलंच वाक्य, बाई, तुमच्या सगळ्या परिचितांचा डावाच गुडघा कसा काय दुखतो?

त्यांनी मोजलंय. चाळीसपैकी एकोणतीस लेखांत 'माझ्या एक परिचित' आहेत. कधी त्या ग्रंथपाल असतात, कधी बँकेत, कधी शिक्षिका. पण सगळ्या पेपर शेवटच्या पानापासून वाचतात, राग आला की स्वयंपाकघराचा ओटा पुसतात आणि बोलणं 'असो' म्हणून संपवतात. वर म्हणाले, या बाई एकच आहेत. भेटायला आवडेल. बऱ्या वाटल्या.

मी म्हटलं, तो शैलीचा भाग आहे. म्हणाले, शैलीला गुडघा नसतो.

गणितवाली माणसं. असो. फॉर्मवर एक सही लागणार, ताईची. दहा मिनिटांचं काम.

१७ जानेवारी

तसं पाहिलं तर मला लिहायला लावलं ताईनेच. लहानपणापासून मी कमालीची विसराळू. किल्ली, डबा, छत्री, एकदा तर एक पायमोजा. ताई मला 'विसरू' म्हणायची. मी विशी ओलांडली तरी तेच, तेव्हा एक दिवस वैतागून तिने वही आणून दिली. म्हणाली, विसरू, लिहून ठेवत जा गं बाई.

तेव्हापासून ठेवते. रविवारी ती जेवायला येते, जेवण झाल्यावर बोलते. ती लिफ्टपर्यंत पोचायच्या आत मी चार ओळी टिपलेल्या असतात. म्हणजे मी आज्ञाधारक बहीण आहे.

तिची तक्रार कधीच नव्हती. तक्रार असलीच तर माझी आहे. ताई हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये पंचवीस वर्षं आहे. सगळ्या गावाचे आजार तिच्या कपाटांत. केवढं मटेरियल! एक अक्षर फुटत नाही. एकदा खूप मागे लागले तर म्हणाली, फाइल त्यांची असते गं, मी नुसतं कपाट सांभाळते.

सुंदर वाक्य. टिपलं. ('गुपितांचं कपाट' या लेखात वापरलं. एका परिचित ग्रंथपाल बाईंच्या तोंडी.)

१९ जानेवारी, रविवार

ताईला फोन. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून म्हणाली, बोला, मी परिचित बोलतेय.

दोन वर्षं हा जोक चाललाय. दोघी हसलो. म्हणजे मी हसले. फॉर्मचं सांगितलं. म्हणाली, पाठव. 'पाठव' म्हणजे होच की.

पुढचे काही रविवार तिला जमणार नाही. रेकॉर्ड रूम दुसऱ्या मजल्यावर हलवतायत. म्हटलं, गुडघ्याला जप, जिने चढू नकोस. म्हणाली, जपतेय.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हा फोन कामासाठी होता. संकल्प तीन पुढच्या आठवड्यापासून.

२८ जानेवारी

फॉर्म पाठवून आठ दिवस झाले. आठवण करणारा मेसेज टाकला. उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

प्रकाशकांना विचारलं, अंगठा सहीच्या जागी चालतो ना? म्हणाले, कागदावरचा चालतो, फोनवरचा नाही.

३ फेब्रुवारी

नवऱ्याचं काहीतरी चाललंय. त्याचं श्रवणयंत्रांचं दुकान सात वाजता बंद होतं. हल्ली नऊला येतो. म्हणतो, एक कस्टमर आहेत, घरी जाऊन मशीन बसवावं लागतं. आज गाडीच्या डिकीत काठी सापडली. चार पायांची, कोरी, वर लेबल. विचारलं तर म्हणाला, कस्टमरची. आणि कान लाल झाले. दुसऱ्यांच्या कानांचा धंदा करतो, पण स्वतःचे ताब्यात नाहीत.

मला सगळं समजलं. बावन्न वर्षांचा पुरुष म्हातारपणाला असा चोरून भेटतो. काठी घेऊन ठेवतो, पण डिकीत. आजचा पुरुष आणि त्याचं मौन! हजार शब्द एका बैठकीत झाले. 'डिकीतली काठी.' त्याचं नाव अर्थातच नाही. 'माझे एक परिचित.'

९ फेब्रुवारी, रविवार

लेख आला. दुपारपर्यंत बावीस ईमेल. नवऱ्याने नाश्त्याच्या टेबलावर वाचला. मग पेपरची घडी घातली, आणखी एक घातली, आणखी एक. म्हणाला, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, नाही का?

मी थँक्यू म्हटलं.

१२ फेब्रुवारी

प्रकाशकांची मुदत, महिनाअखेर. सही नाही तर एकोणतीस लेख बाहेर. उरतात अकरा. अकरा लेखांचं पुस्तक होत नाही, म्हणाले, पुस्तिका होते. दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये ठेवतात तशी.

ताई फोनवर कमी येते. मेसेजला अंगठा. 'जेवलीस का?' अंगठा. 'रागावलीस का?' अंगठा.

हा दुसरा अंगठा मी जरा वेळ बघत बसले.

१३ फेब्रुवारी

युक्ती सुचली. परिचितांचे गुडघेच बदलायचे! दिवसभर बसून बदलले. ग्रंथपाल बाईंची मान, बँकेतल्या बाईंचा खांदा, शिक्षिकेची टाच. 'असो' सगळीकडून काढलं. ओट्याऐवजी एकीला आरसा पुसायला लावला, एकीला बूट.

संध्याकाळी मास्तरांचा फोन. म्हणाले, बाई, आता त्यांचं सगळं अंगच दुखायला लागलं. त्यापेक्षा सही आणा.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४

फॉर्म आणि पेन घेऊन ताईकडे गेले, न कळवता. दाराला कुलूप. मी बेल वाजवत राहिले तशी समोरच्या बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, त्या फिजिओथेरपीला गेल्यात, मंगळवार ना आज. गुडघा बदलून तीन आठवडे झाले, छान चालतायत आता. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, तुम्ही कोण?

म्हटलं, धाकटी बहीण.

म्हणाल्या, म्हणजे त्या लिहिणाऱ्या?

मला बरं वाटलं, ओळखलं म्हणून. पण तेवढ्यात त्यांनी आपलं दार पुढे ओढलं. आत टीव्हीसमोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते दिसेनासे झाले. मग तेवढ्या फटीतून म्हणाल्या, त्यांना एक गृहस्थ गाडीने नेतात. फार सज्जन. मशीनचं दुकान आहे त्यांचं.

लिफ्टसाठी थांबले नाही. चार मजले जिन्याने उतरले. माझे दोन्ही गुडघे उत्तम आहेत.

१८ फेब्रुवारी, रात्री ९

नवऱ्याने सगळं सांगितलं. सत्तावीस जानेवारीला ऑपरेशन झालं. म्हणजे तो पहिला अंगठा हॉस्पिटलच्या कॉटवरून आला होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, ताईंची अटच होती. सांगितलंत तर दुसरा ड्रायव्हर बघेन. मी म्हटलं, पण का? त्याने पेपरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. म्हणाला, रविवारी छापून आलं असतं ना. काठी तर आलीच.

अॅडमिट होताना तिथेही संमतीपत्र होतं. सोबत आलेल्याची सही आणि रुग्णाशी नातं. याने विचारलं, ताई, नातं काय लिहू? तर म्हणाली, 'परिचित' लिहा. दोघं इतकी हसली म्हणे, की नर्स बघायला आली.

नंतर ताई थोडी रडली. हे सांगून तो लगेच म्हणाला, हे लिहायचं नाही हं.

माझ्या सख्ख्या बहिणीचं ऑपरेशन, आणि घरात मला एकटीला माहीत नाही. मी ओटा पुसला. तीनदा पुसला.

१९ फेब्रुवारी

रात्री विचार केला. हा साधा गैरसमज आहे. ताईला वाटतं मी तिचं उघड्यावर आणलं. पण किती जणींना आधार झाला त्याचा, हे तिला माहीतच नाही. माझ्याकडे वाचकांच्या पत्रांची अख्खी फाइल आहे. 'तुमच्या परिचित बाईंमुळे मी पहिल्यांदा हॉटेलात एकटी जेवले.' 'तुमच्या परिचित बाईंसारखंच माझंही लग्न मोडलं, धीर आला.' ही पत्रं वाचली की ती विरघळणार. सहीचा विषय मी काढणारच नाही. तीच काढेल.

फॉर्म पर्सच्या वरच्या कप्प्यात ठेवला. पेन दोन.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लवकर उठून लिहितेय, म्हणजे ताईकडून आल्यावर लिहायची वेळ येणार नाही. आज काही टिपायचं नाही. ठरलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

टिपतेय. काल वहीला हात लावला नाही, एवढं तरी.

दार तिनेच उघडलं, वॉकर धरून. म्हणाली, दारापर्यंत यायला चार मिनिटं लागतात, लिहायचं असेल तर नेमकं लिही. मग म्हणाली, ये. चहा तू कर.

ताई बारीक झालीय. केस कापलेत. कोणी कापले, कधी, मला माहीत नाही. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली घडी केलेला पेपर असतो. तो पेपर माझ्याच सदराचा निघाला. मी तरी हसले.

पत्रांची फाइल पुढे ठेवली. तिने चष्मा लावून तीन-चार पत्रं वाचली, शांतपणे. म्हणाली, बिचाऱ्या. खऱ्या नावाने लिहितात गं या.

मग म्हणाली, त्या कपाटातली निळी फाइल काढ. काढली. वर माझं नाव, हॉस्पिटलच्या फाइलवर असतं तसं, आडनाव आधी. आत माझे लेख. अकरा वर्षांचे सगळे, कापून, तारीखवार. समासात तिचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर. मला वाटलं, कौतुक असेल. माझ्यासारखी माणसं आधी तेच शोधतात.

'हे मी रागाने म्हटलं नव्हतं.'

'रडले नव्हते. सर्दी होती.'

'हे त्याच्या बायकोने वाचलं. फोन आला होता तिचा.'

'छान लिहिलंय.' (एकदाच. कुंड्यांवरच्या लेखाला. त्यात ती नाही.)

आणि बाकी बहुतेक ठिकाणी एकच शेरा, 'हे फक्त तुला.' हे फक्त तुला. हे फक्त तुला. मी मोजायला लागले आणि थांबले.

मी म्हटलं, पण तूच तर म्हणाली होतीस, तुला सांगितलं की हलकं वाटतं. प्रस्तावनेत पहिलंच वाक्य तुझं आहे.

तिने चष्मा काढला. म्हणाली, अर्धंच लिहिलंस की गं. पुढे काय म्हटलं होतं मी?

पुढे काही नव्हतं, मी म्हटलं.

म्हणाली, तुला सांगितलं की हलकं वाटतं, तुझ्या काही लक्षात राहत नाही. म्हणून तर तुला सांगायचे, विसरू. दुसऱ्यांना सांगितलं की ते जपून ठेवतात, मग चार वर्षांनी आपल्याच अंगावर येतं. तुझ्याकडून संध्याकाळपर्यंत सगळं पुसलं जायचं. भिंतीला सांगितल्यासारखं, पण भिंत हात धरायची.

मग हसून म्हणाली, आणि वही आणून दिली मीच. असो.

माझा चहा गार झाला. फॉर्मचा विषय काढायचा नाही असं ठरवलेलं, तो तिनेच काढला, म्हणजे तेवढं तरी माझ्या प्लॅनप्रमाणे झालं. म्हणाली, तो फॉर्म दे. मी म्हटलं, नको ताई, राहू दे. म्हणाली, वरच्या कप्प्यातून डोकावतोय तो, दे इकडे.

सही केली. पूर्ण नाव, तारीख, खाली रेघ. रेकॉर्ड रूमची सवय. म्हणाली, जुनं सगळं छापूनच झालंय, त्याला माझी हरकत असून काय उपयोग? आणि नवीन काही मी तुला सांगणार नाही. मग सही द्यायला काय जातंय?

रागाने नाही म्हणाली. (तिला समासात लिहावं लागू नये म्हणून इथेच नोंदवते.)

निघताना निळी फाइल माझ्या हातात दिली. म्हणाली, फाइल तुझी आहे. मी नुसतं कपाट सांभाळलं.

२४ फेब्रुवारी

सही आहे. मुदतीला चार दिवस आहेत. आज प्रकाशकांकडे जाणार होते. डोकं दुखत होतं.

२६ फेब्रुवारी

प्रकाशक म्हणाले, सही आलीय ना, मग अडतंय कुठे? आणि ऑपरेशनबद्दल कुठून तरी कळलंय त्यांना. (कुठून तरी म्हणजे माझ्याकडून, परवा फोनवर.) म्हणाले, त्याच्यावर एक लेख करा, पुस्तकाला शेवट मिळेल. रुग्णाशी नातं, 'परिचित'! काय क्लायमॅक्स आहे हो.

मी म्हटलं, विचार करते. खरं सांगायचं तर पहिली ओळ तयार होती. तिला मी बोलावलं नव्हतं. ती आपली येऊन बसली होती, पाय पसरून.

२८ फेब्रुवारी

फॉर्म दिला नाही. त्याग वगैरे नाही हा. ड्रॉवर उघडला, बंद केला, एवढंच झालं. सही 'आता काही सांगणार नाही'च्या बदल्यात आलीय. फॉर्म दिला तर तो व्यवहार पक्का होईल, अशी एक वेडी समजूत. न देऊन तो मोडेल, असंही काही नाही.

प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य पूर्ण करून बघितलं. पूर्ण केल्यावर त्याखाली प्रस्तावना लिहिता येत नाही.

१ मार्च

पुस्तिका निघणार. अकरा लेख. पासवर्ड, पार्किंग, कुंड्या, रिंगटोन. मास्तरांनी शेवटचं प्रूफ पाठवलं. सोबत चिठ्ठी, 'पुस्तिका आता निर्दोष आहे. वाचवत नाही. त्या बाई बऱ्या आहेत ना?'

उद्याचं सदर पाठवलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कोणाचाही फोन आला नाही.

२ मार्च, रविवार

संकल्पांचा हिशेब. हजार शब्द, नाही. चालणे, नाही. ताईला कामाशिवाय फोन, एकही नाही. रोजनिशी छापायची नाही, हा एकच पाळला. त्यालाही अजून दोनच महिने झालेत.

दुपारी नवरा ताईकडून आला. आता मला सांगून जातो. म्हणाला, वॉकर सुटला, काठीवर चालतायत. डॉक्टरांनी बाहेरच्या पॅसेजमध्ये रोज वीस फेऱ्या सांगितल्यात. पण मध्येच मोजणी चुकते आणि पुन्हा एकपासून सुरू करतात. परवा अशा अठ्ठावीस झाल्या.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली? म्हणाला, नाही. मग कान लाल झाले. म्हणजे म्हणाली आहे. मी विचारलं नाही.

चार वेळा मेसेज लिहून खोडला. पहिल्या तिन्हींत उपमा होत्या. चौथा आत्ता पाठवला. उत्तर 'नको' येईल, मला माहीत आहे. अंगठासुद्धा येणार नाही. मी तिच्या जागी असते तर मीही नकोच म्हटलं असतं.

ताई, उद्यापासून तुझ्या फेऱ्या मोजायला येऊ का? बोलायचं काही नाही. वही आणणार नाही. वीस झाल्या की सांगेन, आणि घरी पोचेपर्यंत आकडा विसरेन. — विसरू